दोन सेंटिमीटर कमी पडतायत, बुटात गादी घालू का?

ताई, नमस्कार.

पुढच्या महिन्यात आम्ही दोन कुटुंबं मिळून मुलांना थीम पार्कला नेतोय. आम्ही तिघं, आणि मोठे दीर, जाऊबाई, त्यांची मुलगी. माझा मुलगा सहा वर्षं दोन महिन्यांचा, पुतणी साडेपाचची. तो ११० सेंटिमीटर, ती ११४. ज्या रोलर कोस्टरसाठी माझा मुलगा वर्षभर जीव टाकतोय, तिथे किमान उंची ११२ लागते. म्हणजे वयाने धाकटी बहीण बसणार आणि हा खाली उभा राहून बघणार.

हे आधीही एकदा झालंय. मागच्या सुट्टीत एका लहानशा पार्कात पाऊण तास रांगेत उभं राहिल्यावर तिथल्या पोराने याच्या डोक्यावर काठी धरली आणि "नाही चालणार" म्हणून बाजूला काढलं. पुतणी पुढे गेली. हा रडला नाही, पण त्या दिवसापासून रोज भिंतीला टेकून उंची मोजतो. खुर्चीवर चढून दाराच्या चौकटीला लोंबकळतो. परवा झोपताना विचारलं, "आई, मी बुटका आहे का?" मला काही सुचलंच नाही.

यांनी आता बुटात घालायच्या दोन जाड गाद्या आणून ठेवल्यात. म्हणतात, दोन सेंटिमीटरने काय आभाळ कोसळतंय? नियम करणारे चार बोटं जास्तच धरून ठेवतात. शिवाय मी शेजारी बसून त्याला घट्ट धरीनच की. मोठे दीरही म्हणतात, आमच्या वेळी कुठे होतं असलं मोजमाप. आणि गंमत बघा, जिला परवानगी आहे ती पुतणी आत्तापासूनच राइडचा विषय निघाला की "माझं पोट दुखतं" म्हणते. तिला मात्र सगळे सांगतात, एकदा बसलीस की भीती मोडेल.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गाद्या घातल्या तर खरंच काही बिघडतं का? नाही घातल्या तर तिथे त्याची समजूत कशी काढू? आणि त्याच्या उंचीसाठी डॉक्टरांना दाखवायला हवं का?

– दोन सेंटिमीटरांची आई

*

गाद्या घालू नका.

पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, कारण पत्रावरून असं दिसतं की तुमच्या घरात या प्रश्नावर हात वर करून मतं घेतली तर तुम्ही एकट्या पडाल. तेव्हा माझं मत तुमच्या बाजूला धरा. आता कारणं. तुमच्या मिस्टरांना आणि भाऊजींना वाचून दाखवता यावीत म्हणून जरा पाल्हाळ लावते.

ती काठी आपल्या मुलाला मोजते असं आपण धरून चालतो. तिला खरी काळजी असते सीटची. रोलर कोस्टरची गाडी चढ चढून माथ्यावर येते आणि रूळ एकदम खाली वळतात. गाडी रुळांबरोबर खाली जाते, पण आपलं अंग आधीच्याच दिशेने जायला बघतं आणि क्षणभर बूड सीटवरून उचललं जातं. पोटात जो गोळा येतो, ज्याच्यासाठी माणसं तासभर रांग लावतात, तो याच क्षणाचा. त्या क्षणी आपल्याला गाडीत ठेवतो तो मांडीवर येऊन बसलेला दांडा, किंवा काही राइडमध्ये खांद्यांवरून खाली येणारी चौकट. मांडी आणि ओटीपोट जिथे मिळतात तिथे दांडा घट्ट बसला की कंबर जागची हलत नाही, आणि कंबर हलली नाही की माणूस सुटत नाही. इतकी साधी व्यवस्था आहे.

आता त्या जागी तुमच्या मुलाला बसवून बघा. मांडी आखूड, त्यामुळे गुडघा सीटच्या कडेशी वाकत नाही. पाय अधांतरी, म्हणजे टेकून जोर लावायला काही नाही. कंबर एवढीशी. दांडा खाली येतो, पण त्याच्या अंगाला लागण्याआधीच शेवटच्या खाचेत जाऊन थांबतो. गाडी जोरात थांबली तर दांड्याखालून तो पुढे सरकणार, गाडी माथ्यावरून उतरली तर दांड्याच्या दिशेने वर उचलला जाणार. खांद्यावरची चौकट असेल तर ती खांद्याऐवजी कानाशी येते. त्यात मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं. जन्मतः डोकं एकूण उंचीच्या पावपट असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा हिस्सा. सहा वर्षांचं मूल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, आणि तो भार सांभाळणारी मान अजून कोवळी. गचके बसतात ते सगळे तिथे.

मग मांडीच का मोजत नाहीत, असं कुणी विचारेल. विचारावंच. पण मागे शेकडो माणसं उभी असताना दोन सेकंदांत, वाद न होता मोजता येईल असं एकच माप आहे. वजनकाट्यावर चारचौघांत कुणाला उभं करणार? आणि वयाचं विचारूच नका. तिकीटखिडकीवर जे मूल "चार वर्षांचंच आहे हो" असतं, तेच रोलर कोस्टरच्या रांगेत येईपर्यंत सात वर्षांचं होतं. उंची हे ढोबळ माप आहे, पण ते खोटं बोलत नाही. मांडीची लांबी, कमरेचा घेर, पाय टेकणं, शांत बसून सूचना ऐकण्याइतकं वय, या सगळ्यांचा अंदाज त्या एका रेघेत येतो. ती रेघही पार्कवाले मनाने मारत नाहीत. राइड बनवणारी कंपनी सीट आणि दांड्याची रचना, अंगावर येणारा जोर यांचा हिशेब करून ती ठरवते. पार्कला वाटलं तर ते आकडा वाढवतात. अमेरिकेत यासाठीच्या मानकांचं काम १९७८पासून एक खास समिती करते आहे, युरोपातही त्यांचं वेगळं मानक आहे. हे सगळं त्या काठीच्या मागे उभं असतं, म्हणून ती धरणाऱ्या वीस वर्षांच्या पोराशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

"मी शेजारी बसून घट्ट धरीन" हे वाचून मला तुमच्या मिस्टरांबद्दल माया वाटली. बापाने हेच म्हणायचं असतं. पण मोठ्या कोस्टरवर उतार संपून गाडी पुन्हा वर वळते तिथे अंगावर वजनाच्या तिप्पट-चौपट जोर येणं नेहमीचं आहे. म्हणजे १८-२० किलोचं मूल तिथे ६०-७० किलोचं होतं, आणि पुढच्याच क्षणी माथ्यावर कापसासारखं हलकं. असं क्षणाक्षणाला वजन बदलणारं पोर एका हाताने धरून ठेवणारा बाप मी तरी पाहिलेला नाही. दुसरं म्हणजे, दोघांना मिळून एकच दांडा असेल तर तो बापाच्या मांडीवर टेकला की थांबतो. बापाच्या मांडीची जाडी आणि मुलाच्या मांडीची जाडी यांत जेवढा फरक, तेवढी फट मुलाच्या बाजूला राहते. अशा गाडीत शेजारी बसलेला धिप्पाड बाप हा आधार नसून अडचण असतो. (त्यांना हे वाक्य वाचून दाखवताना "धिप्पाड" गाळलंत तरी चालेल.)

चार बोटं जास्त धरलेली असतात, हे मात्र त्यांचं बरोबर आहे. असतात. फक्त ती खर्च झालेली असतात. मूल मध्येच वळून मागे बघतं, जाड स्वेटर घातलेला असतो, दांडा एक खाच वर राहतो, घाबरून मूल खाली घसरतं. ती बोटं या सगळ्यांसाठी राखून ठेवलेली आहेत. शिवाय बऱ्याच ठिकाणी बूट घालूनच मोजतात, म्हणजे सोलची जाडी त्या ११२मध्ये आधीच धरली गेली. आणि आणखी एक गंमत: तुम्ही ११० मोजलंत ते सकाळी की संध्याकाळी? रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या फुगतात आणि दिवसभर उभं राहून त्या दबतात, त्यामुळे सकाळी उठल्याउठल्या आपण सगळेच सर्वांत उंच असतो आणि संध्याकाळपर्यंत साधारण सेंटिमीटरभर उतरतो. दिवसभर चालून दुपारी चारला रांगेत लागलेलं पोर सकाळच्या भिंतीवरच्या रेघेइतकं उंच नसतं. लोंबकळून जे वाढल्यासारखं वाटतं तेही याच चकत्यांचं, तासाभरात परत जातं. हे मुलालाही सांगा. खुर्चीवर चढून लोंबकळणं थांबलं तर एक पडझड वाचेल.

आता एक घटना सांगते. फिरायला निघालेल्या माणसाला अपघाताची गोष्ट सांगणं बरं दिसत नाही, पण गादीच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात इतकं नेमकं आहे की टाळता येत नाही. मार्च २०२२मध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात, ४३० फुटी मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या एका राइडमधून १४ वर्षांचा मुलगा पडून गेला. उंचीचा प्रश्नच नव्हता, तो सहा फुटांहून उंच होता. पण अंगाने मोठा असल्यामुळे त्याच्या खांद्यांवरची चौकट पुरती खाली येत नव्हती. राइड बनवणाऱ्या कंपनीने वजनाची कमाल मर्यादा २८७ पौंड, म्हणजे सुमारे १३० किलो, घालून दिली होती. त्याचं वजन तिच्या बरंच वर होतं. चौकट आणि सीट यांत फट जास्त राहिली तर सीटमधला सेन्सर राइड सुरू होऊ देत नाही, अशी सोय त्या यंत्रात होती. चौकशीत आढळलं की त्या सीटचा सेन्सर कुणीतरी हाताने सरकवून ठेवला होता. नेहमीच्या जवळजवळ दुप्पट फट राहिली तरी "ठीक आहे" असा दिवा लागावा, असा. सेन्सरची समजूत काढली गेली. फट होती तेवढीच राहिली.

बुटातली गादी हेच करते. ती मुलाची टाच उचलते आणि काठीला फसवते. मांडी तेवढीच राहते, कंबर तेवढीच राहते, गाडीत बसल्यावर बूट अधांतरी लोंबकळत असतात आणि गादीचा कुणालाच काही उपयोग नसतो. तुम्ही त्याला दोन सेंटिमीटर उंच केलेलं नसतं, फक्त विचारणाऱ्याचं तोंड बंद केलेलं असतं.

भाऊजींच्या "आमच्या वेळी"बद्दल फार लिहीत नाही. त्यांच्या वेळी गाडीत सीटबेल्टही नव्हते.

माझा स्वतःचा गुन्हाही कबूल करून टाकते, म्हणजे उपदेश करायचा थोडा हक्क राहील. माझी मुलगी पाच वर्षांची असताना एका राइडला तिला बोटभर उंची कमी पडत होती. मी शहाणपणा करून तिच्या डोक्यावर उंच अंबाडा बांधला. अगदी टाळूवर, चार आकडे खोचून. रांग संपली, मापाच्या खांबापाशी ताईसाहेब ऐटीत उभ्या राहिल्या. तिथल्या बाईंनी हसत हसत एक सपाट फळी घेतली आणि अंबाड्यावर ठेवून हलकेच दाबली. अंबाडा बसला. मागचे लोक हसले, मीही हसले. हसली नाही ती फक्त मुलगी. त्यानंतर कित्येक महिने तिने केस वर बांधू दिले नाहीत. राइड तर ती दोन दिवसांत विसरली, पण आईने आपल्या डोक्यावर काहीतरी खोटं बांधलं होतं आणि ते सगळ्यांसमोर उघडं पडलं, हे विसरली नाही. तुमच्या मुलाला बुटातली गादी कळणार नाही असं समजू नका. चालताना पहिल्या पावलाला कळेल. आणि त्यातून तो जे शिकेल ते खोटं बोलण्यापेक्षा वाईट असेल: बाबांनासुद्धा मी आहे तेवढा पुरत नाही.

म्हणून मला तुमच्या तीन प्रश्नांपेक्षा त्याचा एक प्रश्न मोठा वाटला. "आई, मी बुटका आहे का?"

आधी डॉक्टरांचं बघू, म्हणजे तुम्ही त्याला उत्तर देताना तुमच्याच मनात शंका राहणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलग्यांची मधली उंची ११६ सेंटिमीटर आहे. पण मधली म्हणजे निम्मे वर, निम्मे खाली. त्या वयात उंची १०६-१०७च्याही खाली असेल तर ठेंगणेपणाचा विचार करतात. तुमचा ११०. मधल्यापेक्षा कमी, पण नेहमीच्या पट्ट्यात. पुतणी तर तिच्या वयाच्या मधल्या उंचीच्या जेमतेम वर आहे, तीही काही ताडमाड नाही. डॉक्टर एका आकड्याकडे बघत नाहीत, वेगाकडे बघतात. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात. गेल्या वर्षीची नोंद काढा: शाळेतली, लसीकरणाच्या वहीतली, भिंतीवरची, जी असेल ती. वाढ पाचच्या आसपास असेल आणि तुम्ही दोघंही फार उंच नसाल तर निवांत राहा. वर्षात चारही भरत नसतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पण ते राइडसाठी नाही. याच हिशेबाने उरलेले २ सेंटिमीटर तो चार-पाच महिन्यांत गाठेल. पुढच्या महिन्यापर्यंत अर्धा सेंटिमीटर. तेव्हा "जाईपर्यंत वाढशील हं" असं चुकूनही म्हणू नका.

आता त्याला काय सांगायचं? "नाही रे राजा, तू कुठे बुटका" हे उत्तर त्याला पटणार नाही; त्याने भिंतीवर मोजलंय. त्याला यंत्राची गोष्ट सांगा. स्पेस माउंटन नावाची रोलर कोस्टर आहे, डिस्नेच्या वेगवेगळ्या पार्कांत. नाव जवळपास तेच (पॅरिसमध्ये हायपरस्पेस माउंटन), अंधारात धावणारी गाडी ही कल्पना तीच. कॅलिफोर्नियात तिच्यासाठी १०२ सेंटिमीटर लागतात, फ्लोरिडात ११२, पॅरिसमध्ये १२०. त्याला विचारा, मग तू उंच आहेस की बुटका? कॅलिफोर्नियात तो ऐटीत बसेल, फ्लोरिडात दोन बोटांनी राहील आणि पॅरिसमध्ये त्याची बहीणही त्याच्याबरोबर खाली उभी असेल. विमानातून उतरल्यावर मुलाची उंची बदलत नाही. बदलतात त्या गाड्या, रूळ आणि सीट. सहा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं. घरात एक खुर्ची घ्या, उशीवर त्याला बसवा, काठी आडवी धरून दांडा कसा येतो ते दाखवा आणि तुमच्या मांडीवर कुठे थांबतो, त्याच्या मांडीवर किती फट राहते ते त्यालाच बोटांनी मोजू द्या. मोजायची त्याला आवड लागलेलीच आहे, ती जरा सीटकडे वळवा.

हे सगळं घरी, निघण्याच्या पुष्कळ आधी. तुमच्या मागच्या खेपेचं दुखणं २ सेंटिमीटरांचं नव्हतं, पाऊण तासाचं होतं. पाऊण तास आशा, आणि मग परक्या माणसाने सगळ्यांसमोर बाजूला काढणं. हे टाळणं पूर्ण तुमच्या हातात आहे. प्रत्येक राइडची किमान उंची पार्क आधीच जाहीर करतो. ती यादी काढून त्याच्याबरोबर बसा आणि ज्या त्याच्या आहेत त्यांवर त्याच्याच हाताने खूण करून घ्या. ११० मध्ये बरंच काही बसतं. साधारण ९० ते १०२ सेंटिमीटरच्या मर्यादेतल्या, मुलांसाठी बनवलेल्या पण खऱ्या रोलर कोस्टर बऱ्याच पार्कांत असतात. उंचीची अटच नसलेल्या तर कितीतरी. मोठ्या कोस्टरवर फुली तुम्ही मारू नका, त्याला मारायची असेल तर मारू द्या, नाहीतर "पुढच्या वर्षी" असं लिहू द्या.

पार्कात पोचल्यावर पहिल्यांदा प्रवेशद्वाराशी किंवा चौकशी खिडकीशी त्याची उंची मोजून घ्या. काही पार्कांत उंचीप्रमाणे रंगीत पट्टा मनगटाला बांधतात, तो मिळाला तर दिवसभराची कटकट वाचते. नाहीतर एका राइडवर कुणीतरी सोडतं, दुसऱ्यावर कुणीतरी अडवतं, आणि रडारड होते ती नेमकी तिथे. "जाऊन तर बघू, सोडलं तर सोडलं" असं म्हणत रांग लावू नका.

त्या मोठ्या कोस्टरपाशी मात्र काय करायचं? बऱ्याच मोठ्या पार्कांत, डिस्ने आणि युनिव्हर्सलमध्ये तर नक्कीच, अदलाबदलीची सोय असते. मोठ्यांपैकी काही जण राइड घेतात, एक जण लहान मुलाबरोबर थांबतो, आणि पहिले परत आले की थांबलेल्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता सोडतात. रांगेच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला आधीच सांगावं लागतं, एवढंच. माझी एक सूचना: पहिल्या खेपेला खाली थांबायचं ते तुमच्या मिस्टरांनी. त्यांनाच नियम सर्वांत जास्त खटकलाय, आणि बाबा आपल्याबरोबर थांबलेत हे त्या मुलाला गादीपेक्षा जास्त उंच करेल. त्या वेळात दोघांनी दुसरी एखादी राइड घ्यावी. लहान मुलांच्या काही राइडवर उंचीची वरची मर्यादा असते; तिथे बाबांना बसता येत नाही, म्हणजे काठी या वेळी बाबांच्या डोक्यावर येते आणि "नाही चालणार" हे त्यांना ऐकावं लागतं. अशी एक राइड यादीत आधीच हेरून ठेवा. ते ऐकताना तुमच्या चिरंजीवांचा चेहरा बघण्यासारखा असेल.

आणि तरीही तो हिरमुसेल. हिरमुसू द्या. तुम्ही विचारलंत समजूत कशी काढू. मला वाटतं काढूच नका. समजूत काढायला तो चुकलेला नाही. त्याला हवं ते मिळालं नाही आणि बहिणीला मिळालं, याचं वाईट वाटणं अगदी रास्त आहे. "त्यात काय एवढं", "मोठा मुलगा रडतो का", लगेच हातात खेळणं, यातलं काही नको. शेजारी बसा. "राग आलाय ना, मलाही आला असता" एवढं पुरे. मुलांचा असा राग साधारण दहा मिनिटांचा असतो, आपण मध्ये पडलो की तासाचा होतो.

आता पुतणी. तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, दोन ओळींत उरकलंय. पण खरं सांगू? पत्र वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात मुलापेक्षा तीच जास्त राहिली. एकाला बसायचंय त्याला मोजमाप आडवं येतं, एकीला बसायचं नाही तर तिला मोजमापानेच ढकलताय. ११४ म्हणजे दांडा तिच्या मांडीवर नीट बसेल, इतकंच. ती बसायला तयार आहे असं त्याने कुठे सिद्ध होतं? भीतीचं माप त्या काठीवर नसतं. डिस्नेतल्या भुताच्या बंगल्याला, हाँटेड मॅन्शनला, उंचीची अजिबात अट नाही. तान्ह्या बाळालाही नेता येतं. म्हणून काय पाच वर्षांचं प्रत्येक मूल तिथून हसत बाहेर येतं?

आणि तिचं पोट खरंच दुखत असणार. या वयाच्या मुलांची भीती पोटातूनच बोलते, त्यांना अजून दुसरे शब्द सापडलेले नसतात. "एकदा बसलीस की भीती मोडेल" हे कधीकधी खरं ठरतं, पण बसायचा निर्णय मुलाचा स्वतःचा असेल तेव्हा. ओढून बसवलेल्या मुलाची भीती मोडत नाही, फक्त पुढच्या खेपेला ते आधीपासून रडतं. यात सुरक्षेचाही भाग आहे: गाडी सुटल्यावर "मला उतरायचंय" म्हणून वळवळणारं, दांड्याखालून निघू बघणारं मूल उंचीने पात्र असूनही तिथे नको असतं.

जाऊबाईंशी तुम्ही बोलू शकत असाल तर बोला. भाऊजींशी नाही, तिथे वाद होईल. तिला बाहेर उभं राहून ती गाडी दोन-तीनदा जाताना बघू द्या, उतरणाऱ्या लोकांचे चेहरे बघू द्या. आधी लहान कोस्टर, मग वाटलं तर मोठी. रांगेत उभी राहिली तरी गाडीत बसायच्या अगदी आधी बाजूने बाहेर पडायची वाट बहुतेक ठिकाणी असते, ती तिला आधीच दाखवून ठेवा. ती वाट माहीत असली की पुष्कळ मुलं तिचा वापर न करताच पुढे जातात. आणि ती नाही म्हणाली तर विषय तिथेच संपला, घरी आल्यावरही काढायचा नाही. फक्त एक सांभाळा: "बघ, तीसुद्धा नाही बसली" असं म्हणून तिची भीती तुमच्या मुलाच्या जखमेवर लावू नका. तिची भीती तिची, त्याचा हिरमोड त्याचा.

राहता राहिल्या त्या दोन जाड गाद्या. त्यांचं काय करू ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. तुमच्या मिस्टरांच्याच बुटात घाला. दिवसभर रांगेत त्यांनाच उभं राहायचंय.